कोरे पान म्हणजे ‘सर्व्हर डाऊन’ नव्हे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

खानापूर असो, निपाणी असो की तिकडे भालकी-औराद, सेवा केंद्रात किंवा झेरॉक्सच्या दुकानात ऑनलाइन अर्जाचे पान उघडले नाही की एकच उत्तर मिळते : ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ कधी कधी ते खरेही असते. पण टॅबवर संकेतस्थळाचे नाव नीट आले असेल आणि खाली पान मात्र पांढरे फटक असेल, तर सर्व्हर चालू आहे. त्याने आपले काम करून पान पाठवले आहे. समोरच्या संगणकावरच्या ब्राउझरला ते चालवता आलेले नाही. अशा वेळी उद्या गेले काय आणि परवा गेले काय, पान कोरेच दिसणार. यात दुकानदाराचा दोष नाही, जुन्या संगणकाचाही फारसा नाही. संकेतस्थळ बांधताना कोणते ब्राउझर धरून चालायचे हे कोणी ठरवलेच नाही, म्हणून हे होते. ते ठरवणे अवघड नाही. बेळगावात आणि आसपास पतसंस्था, शाळा, साखर कारखाने यांची संकेतस्थळे बांधणारे बरेच जण आहेत. हे पत्र मुख्यतः त्यांच्यासाठी आणि त्यांना काम देणाऱ्या संचालक मंडळींसाठी.

आधी दुकानदाराने दोन मिनिटांत करायची तपासणी. तोच पत्ता स्वतःच्या मोबाइलवर उघडून पाहावा. तिथे उघडला तर सर्व्हरचा विषय संपला. मग संगणकावर एफ १२ दाबून ‘कन्सोल’ या भागातली लाल ओळ वाचावी. ‘सिंटॅक्स एरर’ असेल तर कोडची लिहिण्याची पद्धतच त्या ब्राउझरला कळलेली नाही. ‘इज नॉट अ फंक्शन’ असेल तर पद्धत कळली, पण मागितलेले एखादे फंक्शन त्याच्याकडे नाही. त्या ओळीचा फोटो काढून संकेतस्थळवाल्याला पाठवला तर अर्धे काम झाले. ‘साइट चालत नाही’ एवढ्या निरोपावर कोणीच काही करू शकत नाही.

आपल्या भागात विंडोज ७ अजून टिकून आहे, त्याला कारणे आहेत. पासबुक छापणारा जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, बोटांच्या ठशांच्या यंत्राचा ड्रायव्हर, हिशेबाचे जुने सॉफ्टवेअर आणि २ जीबी रॅम ही चौकडी एकमेकांना धरून बसलेली असते. एक हलवले की तिन्ही हलतात. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ चा नेहमीचा आधार १४ जानेवारी २०२० रोजी थांबवला. क्रोमची विंडोज ७ आणि ८.१ वर चालणारी शेवटची आवृत्ती १०९, ती जानेवारी २०२३ मधली. फायरफॉक्सच्या बाबतीत ती ११५ ईएसआर (दीर्घ आधाराची आवृत्ती). म्हणजे ‘कृपया ब्राउझर अद्ययावत करा’ अशी पाटी पानावर लावणे हे त्या माणसाला दार नसलेल्या भिंतीकडे बोट दाखवण्यासारखे आहे. क्रोम ११० तिथे बसतच नाही.

हे संगणक सुरक्षित आहेत असे अजिबात म्हणायचे नाही. जमेल त्याने ते बदलावेत. विंडोज एक्सपी आणि त्यावरचा क्रोम ४९ तर इंटरनेटपासून तोडूनच ठेवावा, त्याच्यासाठी कोड लिहिण्यात वेळ घालवू नये. पण विंडोज ७ चा संगणक बदलेपर्यंत त्यावर येणाऱ्या माणसाचे अर्ज अडू नयेत, एवढे नक्की करता येते. क्रोम १०९ आणि फायरफॉक्स ११५ ही खालची पायरी धरावी, असे आमचे मत.

ही पायरी ठरली की काय मोडते ते नेमके सांगता येते. जावास्क्रिप्टमध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि गोंधळ इथेच होतो. एक म्हणजे भाषेची रचना, दुसरी म्हणजे तयार फंक्शने. रचना ओळखीची नसेल तर ब्राउझर अख्खी फाइल टाकून देतो. त्यातली एकही ओळ चालत नाही. फंक्शन नसेल तर त्या ओळीपर्यंत सगळे व्यवस्थित चालते आणि तिथे कोसळते. बॅबेलसारखी साधने रचना बदलून जुन्या पद्धतीची करतात, फंक्शने मात्र भरून देत नाहीत. ती कोअर-जेएससारख्या संचातून वेगळी घ्यावी लागतात. अशा भरून दिलेल्या फंक्शनांना पॉलिफिल म्हणतात.

क्रोम १०९ ला रचना बहुतेक सगळी कळते. ‘?.’ आणि ‘??’ ही चिन्हे क्रोमला ८० पासूनच येतात. अडते ते फंक्शनांपाशी. मूळ यादी न हलवता क्रम लावून देणारे ‘टू-सॉर्टेड’ क्रोममध्ये ११० ला आले, म्हणजे अवघ्या एका आवृत्तीने हुकले. ‘ऑब्जेक्ट ग्रुप-बाय’ ११७ ला, ‘प्रॉमिस विथ-रिझॉल्व्हर्स’ ११९ ला, संचांचा ‘युनियन’ १२२ ला. फायरफॉक्स ११५ मध्ये ‘टू-सॉर्टेड’ आहे, बाकीची ही नाहीत. एका यादीचा क्रम लावता आला नाही म्हणून अख्खे पान का कोरे होते? पाने बांधायला बरेच जण वापरतात त्या रिअ‍ॅक्टमध्ये १६ व्या आवृत्तीपासून नियमच तसा आहे : पान रंगवताना चूक झाली आणि ती झेलणारी ‘एरर बाउंडरी’ नसली, तर ते सगळेच उतरवून ठेवते. म्हणून एरर बाउंडरी सर्वांत बाहेर एक आणि अर्जाच्या प्रत्येक मोठ्या भागाभोवती एक ठेवावी, आणि तिच्यात कार्यालयाचा दूरध्वनी क्रमांक लिहावा. शिवाय पानाच्या डोक्यात जुन्या पद्धतीने लिहिलेली आठ-दहा ओळींची एक छोटी स्क्रिप्ट असावी, जी मुख्य फाइल कोसळली तर ‘हे पान या ब्राउझरमध्ये चालत नाही’ असे निदान सांगेल.

आता बांधणीची, म्हणजे लिहिलेल्या कोडपासून ब्राउझरला पाठवायच्या फाइली बनवण्याची, सेटिंग. कोणते ब्राउझर धरायचे ते लिहिण्याच्या ‘ब्राउझर्सलिस्ट’मध्ये ‘शेवटच्या दोन आवृत्त्या’ असे लिहून बरेच जण मोकळे होतात. त्यात क्रोम १०९ येत नाही. तिथे ‘क्रोम १०९ व वरचे, फायरफॉक्स ११५ व वरचे’ असे आकड्यांत लिहावे. बॅबेलच्या प्रीसेट-एन्व्हमध्ये ‘यूज-बिल्ट-इन्स’ला ‘यूसेज’ द्यावे, आणि कोअर-जेएसची आवृत्ती नुसती ३ न लिहिता टिंबानंतरच्या आकड्यासकट लिहावी. नुसते ३ लिहिले तर ते ३.० धरले जाते आणि नंतर आलेली फंक्शने गाळली जातात. सेटिंग तर बरोबर आहे, मग चालत का नाही, म्हणून डोके धरून बसायला लावणारी जागा ती हीच. दुसरी जागा म्हणजे ‘नोड-मॉड्यूल्स’ फोल्डर. आपला कोड बॅबेलमधून जातो, पण बाहेरून आणलेली पॅकेजे बहुतेक प्रकल्पांत त्यातून वगळलेली असतात, आणि नवे फंक्शन बहुधा त्यांच्यातच दडलेले असते.

व्हीट हे बांधणीचे साधन वापरणाऱ्यांसाठी वेगळा इशारा. व्हीट ७ चे मूळ लक्ष्य क्रोम १०७ आहे, तेव्हा १०९ आपोआप बसले असे वाटते. बसते ते फक्त रचनेपुरते. फंक्शने व्हीट भरत नाही. मग ‘लेगसी प्लगइन’ लावले तरी पान कोरेच राहते, कारण ते प्लगइन जुन्या ब्राउझरसाठी वेगळी फाइल बनवते आणि क्रोम १०९ त्याच्या लेखी जुना नाहीच. नव्या पद्धतीच्या फाइली, म्हणजे मॉड्यूल, क्रोमला ६१ पासून कळतात, त्यामुळे १०९ नवी फाइलच उचलतो आणि जुनी फाइल पडून राहते. यासाठी त्या प्लगइनमध्ये ‘मॉडर्न पॉलिफिल्स’ नावाचा पर्याय आहे. तो चालू करून हव्या त्या फंक्शनांची नावे द्यावीत. सगळीच भरायला सांगितली तर फाइल उगाच फुगते, आणि कणकुंबी-जांबोटीकडे जिथे नेटवर्कची मुळातच मारामार, तिथे तो भार ग्राहकाच्या माथी बसतो.

पावती किंवा उतारा पानावरच दाखवणारे बरेच जण पीडीएफ-जेएस वापरतात. अर्ज भरला, पैसे गेले, पावतीच्या जागी मात्र राखाडी चौकोन, ही तक्रार तिथली. याच्या ४ थ्या मालिकेतल्या आवृत्त्यांपासून ‘विथ-रिझॉल्व्हर्स’ सर्रास वापरले आहे. उपाय त्याच पॅकेजात आहे : ‘लेगसी’ नावाच्या उपफोल्डरात जुन्या ब्राउझरांसाठीची बांधणी दिलेली असते. मात्र मुख्य फाइल आणि वर्करची (पार्श्वभूमीत काम करणाऱ्या भागाची) फाइल, दोन्ही तिथल्याच घ्याव्यात. वर्कर वेगळ्या जागेत चालतो. पानात भरलेली फंक्शने त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. एकच बदलली तर चूक नुसती जागा बदलते.

ही भरण-फंक्शने बाहेरच्या पत्त्यावरून ओढू नयेत. पॉलिफिल डॉट आयओ हा एके काळी सगळ्यांचा आवडता पत्ता. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याची मालकी बदलली आणि जूनमध्ये तो पत्ता एक लाखाहून अधिक संकेतस्थळांना घातक कोड वाटताना सापडला. एखाद्या पतसंस्थेच्या जुन्या पानात तो पत्ता अजून असेल तर आजच काढावा. फाइल स्वतःच्या सर्व्हरवर ठेवण्यात तोटा काहीच नाही.

सीएसएसची, म्हणजे पानाचे रंगरूप ठरवणाऱ्या कोडची, मोडतोड शांत असते. कन्सोलमध्ये लाल ओळ येत नाही, म्हणून ती उशिरा कळते. सध्या सर्वांत जास्त त्रास टेलविंड या तयार सीएसएस संचाच्या ४ थ्या आवृत्तीचा. त्याला क्रोम १११ आणि फायरफॉक्स १२८ लागतो, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. त्याचे रंग ‘ओकेएलसीएच’ पद्धतीने लिहिलेले असतात आणि ती पद्धत क्रोममध्ये १११ लाच आली. मग १०९ वर निळे बटण पारदर्शक होते, त्यावरची अक्षरे पांढरीच राहतात, आणि पांढऱ्या पानावर पांढरे ‘सबमिट’ कोणालाच दिसत नाही. बटण तिथे असते, दाबले तर चालतेही! एकाखाली एक दोन ओळी लिहायच्या, आधी साधा रंग आणि मग नवा, ही जुनी युक्ती इथे चालत नाही, कारण रंग चलात (व्हेरिएबलमध्ये) साठवलेला आहे. चलात काय आहे ते ब्राउझर आधी तपासत नाही. वापरायची वेळ आल्यावर ते निकामी ठरते आणि तोवर मागची ओळ पुसली गेलेली असते. साधे हेक्स रंग मूळ चलात ठेवून नवे रंग ‘सपोर्ट्स’च्या कंसात घालावेत. किंवा सरळ टेलविंड ३.४ वर राहावे. आम्ही दुसराच सल्ला देऊ.

घरटी नियम, म्हणजे एका नियमाच्या पोटात दुसरा, हे क्रोम ११२ आणि फायरफॉक्स ११७ पासून. आपल्या पायरीवरचे दोन्ही ब्राउझर त्यात नापास. पोस्टसीएसएस किंवा लाइटनिंग सीएसएस बांधणीच्या वेळी ते सपाट करून देतात. आणि फायरफॉक्स ११५ ला ‘हॅज’ हा निवडक (नियम कोणाला लागू ते सांगणारा भाग) कळत नाही. स्वल्पविराम देऊन चार निवडकांच्या ओळीत एक ‘हॅज’ घातला तर तो अख्खा नियम टाकून देतो, बाकीच्या तिघांसकट. ‘हॅज’ नेहमी वेगळ्या नियमात लिहावा.

आता अक्षरांकडे. हा भाग बाहेरच्या कंपन्यांना सुचत नाही, कारण त्यांच्या चाचणीत एकाच पानावर मराठी आणि कन्नड येत नाही; आपल्याकडे येते. विंडोज ७ वर देवनागरीसाठी मंगल आणि कन्नडसाठी तुंगा. निर्मला हा फाँट विंडोज ८ पासूनचा. पानात फक्त ‘निर्मला’ लिहिले असेल तर विंडोज ७ त्याच्या मनाने दुसरा लावतो, उंची बदलते, आणि ठरावीक उंचीच्या बटणात रफार वरून तर उकार खालून कापला जातो. बटणांना ठरावीक उंची देऊ नये. ओळीची उंची अक्षराच्या दीडपटीच्या पुढेच ठेवावी. नोटो सॅन्स देवनागरी आणि नोटो सॅन्स कन्नड हे दोन्ही फाँट स्वतःच्या सर्व्हरवर ठेवले तर हा प्रश्नच मिटतो. मात्र फाइल लहान करण्यासाठी फाँट कातरताना शून्य रुंदीचे जोडक आणि विजोडक ही दोन अदृश्य चिन्हे वगळली जाणार नाहीत हे पाहावे. ती गेली की ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतला र जुन्या टंकलेखनात भलताच दिसू शकतो. रुपयाचे चिन्हही त्याच फाँटमधून द्यावे. विंडोज ७ २००९ मध्ये आले, रुपयाचे चिन्ह युनिकोडात २०१० मध्ये. पुढची अपडेट न घेतलेल्या संगणकावर रकमेआधी रिकामा डबा दिसतो.

सीमाभागात आणखी एक गोष्ट घडते, ती नव्या ब्राउझरवरही. कन्नड पान वाचता येत नाही म्हणून माणूस क्रोमचे ‘ट्रान्सलेट’ दाबतो, मराठीत अर्ज भरू लागतो, आणि कुठल्याशा रकान्यात पर्याय निवडताच पान कोरे! कन्सोलमध्ये ‘रिमूव्ह चाइल्ड’ची तक्रार असते. कारण असे की भाषांतर करताना क्रोम पानातला मजकूर उचलून नव्या वेष्टनात घालतो. रिअ‍ॅक्टकडे मात्र जुन्या मजकुराचा पत्ता असतो. तो बदलायला जाते तर तिथे काहीच नसते. प्रोग्रामरने, अटीनुसार दिसणारा-लपणारा कोणताही मजकूर उघडा न ठेवता ‘स्पॅन’मध्ये गुंडाळावा, म्हणजे रिअ‍ॅक्ट मजकुराऐवजी स्पॅन हलवते आणि पान टिकते. मराठी पानाची सोय दिली तर उत्तमच. दुकानदाराने भाषांतर वाचून घ्यावे, मग ‘मूळ दाखवा’ करून पान पुन्हा लोड करावे आणि मगच भरावे. नावे आणि गावे यांचेही भाषांतर होऊन बसते, तो घोळ वेगळाच.

मोबाइलचे थोडक्यात. पिग्मी एजंटांच्या हातात जुने अँड्रॉइड फोन असतात. क्रोम अँड्रॉइड ५ वर ९५ ला थांबला, ६ वर १०६ ला, ७ वर ११९ ला, ८ आणि ९ वर १३८ ला. अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या फोनवर प्रमाणपत्राची लाल पाटी आली तर बहुधा संकेतस्थळ लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचे प्रमाणपत्र वापरत असते. त्यांचे मूळ प्रमाणपत्र त्या फोनांना ओळखीचे नाही, आणि त्यासाठी केलेली आडवाट ३० सप्टेंबर २०२४ रोजी संपली. फायरफॉक्स स्वतःची प्रमाणपत्रे सोबत आणतो, त्यामुळे अशा फोनवर बसणारी त्याची आवृत्ती मिळाली तर टाकून पाहावी. संगणकावर तशीच पाटी आली तर आधी उजव्या कोपऱ्यातली तारीख पाहा. मदरबोर्डवरची सीआर २०३२ बॅटरी संपली की वीज गेल्यावर घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते आणि ब्राउझरला प्रत्येक प्रमाणपत्र ‘अजून सुरू न झालेले’ वाटते. नाण्याएवढी बॅटरी बदलली, तारीख लावली, की झाले.

राहिली चाचणी. नव्या क्रोममधला ‘मोबाइल मोड’ ही चाचणी नव्हे. तो पडद्याचा आकार आणि ब्राउझरचे सांगितलेले नाव बदलतो, इंजिन तेच राहते. ब्राउझर आपोआप चालवून पाहणाऱ्या प्लेराइट या साधनाच्या १.२९ या आवृत्तीसोबत क्रोमियम १०९ येतो, तो नव्या संगणकावरही चालतो. रोजची स्वयंचलित तपासणी त्यावर लावावी. ‘ईएस-चेक’ तयार फाइलमधली रचना तपासतो, ‘ईएसलिंट कॉम्पॅट’ आपल्या कोडमधली काही फंक्शने. पॅकेजांतली फंक्शने दोन्हींतून निसटतात, म्हणून शेवटी खऱ्या विंडोज ७ च्या संगणकावर अर्ज एकदा पहिल्या रकान्यापासून पावतीपर्यंत भरून पाहण्याला पर्याय नाही. असा संगणक शोधायला लांब जावे लागणार नाही. काम देणाऱ्या पतसंस्थेच्या काउंटरवरच असतो. ब्राउझरचे नाव वाचून त्याला बाहेर काढणारा कोड मात्र लिहू नये. फंक्शन आहे की नाही ते विचारावे, नसेल तर भरावे.

संचालकांनी कामाच्या करारात एक कलम घालावे : ‘संकेतस्थळ क्रोम १०९ व फायरफॉक्स ११५ वर, २ जीबी रॅमच्या विंडोज ७ संगणकावर, मराठी व कन्नड दोन्ही मजकुरासह पावती छापेपर्यंत चालवून दाखवावे, त्यानंतरच शेवटचा हप्ता.’ आधीच घेतलेल्या संकेतस्थळांसाठी वार्षिक देखभालीच्या नूतनीकरणात हेच कलम टाकता येते.

आपला,
एक वाचक (वेब प्रोग्रामर),
टिळकवाडी, बेळगाव